स्मृतिभ्रंश: गोळीच्या आधी काय शोधायचं

‘वय झालं की माणूस विसरणारच’ असं म्हणून घरचे थांबतात आणि निदान काही वर्षं लांबतं. याच्या अगदी उलटही घडतं. ‘हल्ली फार विसरतात’ एवढं ऐकून स्मरणशक्तीची गोळी सुरू होते आणि पुढे कोणी मागे वळून बघत नाही. दोन्हीकडे एकच प्रश्न राहून जातो: हे कशामुळे होतंय?

स्मृती, भाषा, दिशा, निर्णय यांत एवढी घसरण होते की रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः निभत नाहीत. त्या अवस्थेला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. ती आणणारे आजार अनेक आहेत. त्यांतले बहुतेक मेंदूच्या पेशी हळूहळू नष्ट करतात आणि ती झीज भरून येत नाही. पण अशा माणसावरसुद्धा वरून आणखी काही गोष्टींचं ओझं पडलेलं असतं: चुकीची औषधं, ऐकू न येणं, दुखणं, बद्धकोष्ठ, झोपेची वाट लागणं. हे ओझं उतरवता येतं आणि ते उतरवलं की माणूस दिसण्याइतका सुधारतो. म्हणून या लेखाचा भर औषधांच्या नावांपेक्षा या शोधावर जास्त आहे.

साधं विसरणं आणि हे विसरणं

ओळखीच्या माणसाचं नाव ऐन वेळी सुचत नाही आणि तासाभराने आपोआप आठवतं. चष्मा शोधावा लागतो. दोन कामं एकदम घेतली की गडबड होते. वयाबरोबर हे होतंच. डिमेन्शिया आणणाऱ्या आजारांत सर्वांत जास्त आढळणाऱ्या अल्झायमरमध्ये आठवण उशिरा येत नाही, ती मुळात साठतच नाही. सकाळी भाचा येऊन तासभर बसून गेला, हे दुपारी खुणा सांगूनही आठवत नाही. तोच प्रश्न दहा मिनिटांत चौथ्यांदा येतो, आणि आधी विचारला होता याचा पत्ताही नसतो.

मात्र नुसत्या स्मृतीकडे बघत राहू नका, कामांकडे बघा. ज्या कामात चार पायऱ्या क्रमाने कराव्या लागतात ते आधी ढासळतं. बँकेचा हिशेब, आठवड्याच्या गोळ्या लावणं, चार माणसांचा स्वयंपाक, प्रवासाची तयारी ही अशी कामं. तुलना त्या माणसाची त्याच्या स्वतःच्या पूर्वीच्या वागण्याशी करायची. ज्याने आयुष्यात कधी हिशेब ठेवला नाही त्याला हिशेब जमत नाही, यावरून काहीच कळत नाही. चाळीस वर्षं दुकानाचा गल्ला सांभाळलेल्याला सुटे पैसे मोजता येईनात, तर ती खूण आहे.

आणखी एक गोष्ट बरेचदा दिसते. ‘मी फार विसरतो’ अशी तक्रार जो स्वतः, तारीखवार उदाहरणं देऊन करतो, त्याच्यात चिंता किंवा नैराश्य निघण्याची शक्यता मोठी असते. ज्याच्याबद्दल घरचे हवालदिल आहेत आणि तो स्वतः ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतो, तिथे जास्त लक्ष द्यावं. तो खोटं बोलत नसतो. आपल्यात काय कमी झालंय हे ओळखणारा मेंदूचा भागच आजारात सापडलेला असतो. त्याच्याकडून कबुली काढून घेण्याचा खटाटोप म्हणूनच व्यर्थ असतो आणि दोघांनाही दुखावतो.

या दोन टोकांच्या मधली एक पायरी आहे, माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट. चाचणीत घसरण दिसते, पण व्यवहार निभतात. स्मृती-क्लिनिकमध्ये येणाऱ्या अशा लोकांपैकी वर्षाला साधारण १० ते १५ टक्के डिमेन्शियाकडे सरकतात. काही तिथेच राहतात आणि काही पूर्ववतही होतात. म्हणून या पायरीवर घाबरून जाऊ नये आणि हातावर हात ठेवूनही बसू नये. कारण शोधावं आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजावं.

‘म्हातारपण’ आणि ‘आजार’ यांची सरमिसळ वैद्यकातही बरीच वर्षं होती. जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली ज्या रुग्णाची माहिती मांडली ती बाई फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आली तेव्हा ५१ वर्षांची होती. एमिल क्रेपेलिन यांनी १९१० साली या आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं. त्यानंतर कित्येक दशकं तो मध्यमवयीनांचा दुर्मीळ आजार मानला गेला आणि म्हाताऱ्यांचं विसरणं वेगळ्या खात्यात टाकलं गेलं. दोन्ही एकच आहेत, हे रॉबर्ट कॅट्झमन यांनी १९७६ साली ठासून मांडलं. आज जगात साडेपाच कोटींहून अधिक लोकांना डिमेन्शिया आहे आणि त्यात ६० ते ७० टक्के वाटा अल्झायमरचा आहे.

डॉक्टरांकडे जाण्याआधीची वही

कुठल्याही स्कॅनपेक्षा निदानाला जास्त मदत होते ती घरच्यांनी आणलेल्या दोन पानांची. त्यात काय असावं? पहिला बदल कोणता आणि साधारण कधी दिसला. तो विसरण्याचा होता, की वागण्याचा, बोलण्याचा, चालण्याचा. घसरण हळूहळू झाली, पायऱ्यापायऱ्यांनी झाली, की गेल्या आठवड्यात एकदम. दिवसभरात चढउतार होतात का. झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं आहे का. नसलेली माणसं किंवा प्राणी दिसतात का. गेल्या तीन महिन्यांत पडणं झालं का, डोक्याला मार लागला का. लघवीवरचा ताबा, ऐकू येणं, दिसणं, भूक, वजन, दारू. आणि कोणती कामं सुटली, शक्य असेल तर महिन्यासह.

सोबत घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून न्या. नुसती यादी पुरत नाही. सर्दीची, खाजेची, झोपेची, पोटदुखीची, डोळ्यांत घालायची, दुसऱ्या डॉक्टरांनी कधीतरी दिलेली, सगळी. आणि रुग्णाच्या अपरोक्ष पाच मिनिटं बोलायला मिळावीत, असं आधी कळवून ठेवा. आईच्या चुकांचा पाढा तिच्यासमोर वाचणं क्रूर असतं, आणि ते टाळायचं म्हणून घरचे महत्त्वाचं तेच सांगत नाहीत.

पिशवीचा आग्रह एवढ्यासाठी की मेंदूत स्मृतीच्या कामाला लागणारं ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन अडवणारी औषधं अगदी साध्या तक्रारींवर दिली जातात. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन, खाजेवरचं हायड्रॉक्सिझिन, पोटात मुरडा येतो त्यावरचं डायसायक्लोमिन, झोप आणि मज्जातंतूंच्या वेदनेसाठीचं अमिट्रिप्टिलिन, लघवीच्या घाईवरचं ऑक्सिब्युटिनिन, कंपावरचं ट्रायहेक्सिफेनिडिल. तरुणाला यांनी तोंड कोरडं पडतं. सत्तरीच्या माणसाला लघवी अडणं, बद्धकोष्ठ आणि गोंधळ, असं तिन्ही होऊ शकतं. झोपेच्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम यांनीही स्मृती मंदावते आणि पडण्याचा धोका वाढतो. पण वर्षानुवर्षं घेतलेली झोपेची गोळी घरच्या घरी एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात. ती आठवड्या-आठवड्याने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवायची असते.

एक साखळी तर वारंवार दिसते. स्मरणशक्तीसाठी डोनेपेझिल सुरू होतं. ते ॲसिटिलकोलिन वाढवतं, त्यामुळे लघवीची घाई वाढते. त्यावर दुसरीकडून ऑक्सिब्युटिनिन मिळतं, जे तेच रसायन अडवतं. आता दोन औषधं एकमेकांविरुद्ध काम करतायत, गोंधळ वाढलाय आणि घरचे म्हणतायत की आजार बळावला. नवीन औषधानंतर महिन्याभरात नवीन तक्रार आली तर पहिला संशय औषधावर घ्यायचा.

बरं होण्यासारखं काय काय निघू शकतं

रक्ततपासणीत निदान एवढं असावं: हिमोग्लोबिनसह रक्तपेशींची मोजणी, साखर, सोडियम, कॅल्शियम, मूत्रपिंड व यकृताचं काम, टीएसएच (थायरॉइडची चाचणी) आणि बी-१२. शंका असेल तिथे एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणी. बी-१२ ची कमतरता मांसाहार न करणाऱ्यांत, बरीच वर्षं मेटफॉर्मिन किंवा ओमेप्राझोलसारख्या आम्लरोधक गोळ्या घेणाऱ्यांत आणि पोटाची शस्त्रक्रिया झालेल्यांत जास्त सापडते. तळपाय बधिर होणं, अंधारात तोल जाणं अशी लक्षणं सोबत असू शकतात. रक्त कमी नसतानाही मेंदूवर परिणाम झालेला असू शकतो. नुसतं फॉलिक ॲसिड देत राहिलं तर रक्त सुधारतं, मज्जातंतूंचं नुकसान मात्र आतल्या आत चालू राहतं.

डोक्याला किरकोळ मार लागल्यावर काही आठवड्यांनी कवटीच्या आत साचलेलं रक्त मेंदूवर दाब देऊ लागतं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांत याची विशेष भीती. सीटी स्कॅनमध्ये हे दिसतं आणि शस्त्रक्रियेने रक्त काढून टाकता येतं. मेंदूतल्या पाण्याचं प्रमाण वाढून होणारा नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस हा आजार चालण्यावरून ओळखू येतो. पाय जमिनीला चिकटल्यासारखे उचलत नाहीत, मग लघवीवरचा ताबा जातो, आणि विचार मंदावतात. कमरेतून ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढून त्याआधी आणि नंतर चाल मोजतात. ती स्पष्ट सुधारली तर पाणी वळवणारी नळी बसवून फायदा होण्याची शक्यता चांगली असते. यांच्या जोडीला थायरॉइड, नैराश्य आणि घोरताना श्वास अडकणं हे तिन्ही तपासायलाच हवेत.

पूर्णपणे उलटवता येणारा डिमेन्शिया थोड्याच जणांत निघतो, हे आधीच सांगायला हवं. अल्झायमर असलेल्याची बी-१२ ची पातळी भरून काढली म्हणून अल्झायमर जात नाही. तरीही शोधायचं, कारण त्यातला प्रत्येक वाटा माणसाच्या रोजच्या दिवसातून वजा होत असतो.

एकदम बिघडलं तर

डिमेन्शिया महिन्यांत, वर्षांत वाढतो. काल बरा असलेला माणूस आज भलतंच बोलतोय, दिवसा झोपतोय, रात्री उठून कपडे ओढतोय, तर ते डिलिरियम समजा. ही तातडीची अवस्था आहे. ओळख लक्षावरून पटते: आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. दोन वार झाले की धागा सुटतो, आणि तासाभराने पुन्हा ठीकठाक बोलतो. दुसरा प्रकार शांत असतो. माणूस गप्प पडून राहतो, खात नाही, आणि ‘आज जरा शांत आहेत’ म्हणून सगळे निर्धास्त होतात. हाच प्रकार जास्त वेळा निसटतो.

कारण बहुधा मेंदूच्या बाहेर असतं. छातीतला किंवा लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं, लघवी तुंबणं, चार दिवस शौचाला न होणं, हाड मोडणं, नवीन औषध, शस्त्रक्रिया. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियात ताप येईलच असं नाही. रुग्णालयात ठेवलं असेल तर चष्मा आणि कानाचं यंत्र सोबत न्या, घरचं एक माणूस सतत जवळ असू द्या, दिवसा उजेड आणि रात्री अंधार ठेवा. लघवीची नळी गरजेपेक्षा एक दिवसही जास्त का ठेवली आहे, हे नम्रपणे पण नक्की विचारा. मूळ कारण बरं झालं तरी गोंधळ उतरायला काही आठवडे लागू शकतात. त्या काळात ‘डिमेन्शिया वाढला’ असा शिक्का मारू नये.

चाचण्यांचा अर्थ

सर्वांत छोटी चाचणी मिनी-कॉग. तीन शब्द सांगायचे, मग घड्याळाचं चित्र काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगायचं, मग तीन शब्द विचारायचे. प्रत्येक शब्दाला एक गुण, घड्याळ बरोबर असेल तर दोन. पाचपैकी तीनपेक्षा कमी आले तर पुढची तपासणी हवी. चुकलेलं घड्याळ बघण्यासारखं असतं: बारा आकडे उजव्या बाजूलाच गर्दी करून बसतात, किंवा काटे दहा आणि अकरा या आकड्यांकडे जातात, कारण ‘दहा मिनिटं’ म्हणजे दोनचा आकडा हे रूपांतर करता येत नाही. ३० गुणांच्या एमएमएसई आणि मोका या चाचण्या जास्त खोलात जातात. मात्र कमी शिकलेल्या माणसाला त्यांत कमी गुण पडतात आणि खूप शिकलेला माणूस आजार असूनही चांगले गुण मिळवतो. आकडा कधीच एकटा वाचायचा नसतो.

एमआरआयच्या बाबतीतही हेच. अहवालात ‘वयानुरूप मेंदू आकसलेला’ असं लिहिलेलं असतं, त्यावरून डिमेन्शिया ठरत नाही, आणि स्कॅन नॉर्मल आला म्हणून डिमेन्शिया नाही असंही ठरत नाही. स्कॅनचा खरा उपयोग गाठ, रक्तस्राव, पाणी, जुने छोटे पक्षाघात आणि हिप्पोकॅम्पसची, म्हणजे नव्या आठवणी साठवणाऱ्या भागाची, झीज बघायला होतो. अलीकडे रक्तातून अल्झायमरची खूण शोधता येते. पी-टाऊ २१७ या प्रथिनावर आधारलेल्या अशा चाचणीला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मे २०२५ मध्ये मान्यता दिली, ती ५५ वर्षांवरच्या, लक्षणं असलेल्या लोकांसाठी. लक्षणं नसताना केवळ उत्सुकतेपोटी ती करून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मेंदूतले बदल लक्षणांच्या १५–२० वर्षं आधी सुरू होतात, आणि त्या काळात हातात आलेल्या अहवालाचं काय करायचं याचं उत्तर अजून कोणाकडे नाही.

कोणता डिमेन्शिया, यावर बरंच अवलंबून आहे

अल्झायमरमध्ये पेशींबाहेर अमायलॉइड प्रथिनाचे थर आणि पेशींच्या आत टाऊ प्रथिनाचे गुंते साठतात. सुरुवात हिप्पोकॅम्पसच्या आसपास, म्हणून नवीन आठवणी आधी जातात. आई-वडिलांना होता म्हणजे मुलांना होणारच, असं नाही. ठरावीक जनुकातल्या दोषामुळे थेट पिढीतून पिढीत उतरणारा प्रकार एक टक्क्याहून कमी रुग्णांत असतो आणि तो साधारणपणे साठीच्या आत दिसतो. रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या प्रकारात विचारांचा वेग आणि नियोजन आधी मंदावतं. मोठे झटके असतील तर घसरण पायऱ्यांनी होते, बारीक वाहिन्यांचा आजार असेल तर संथ. तिथे रक्तदाब, साखर आणि हृदयाचे अनियमित ठोके सांभाळणं हाच उपचाराचा गाभा. ऐंशीच्या पुढे हे दोन्ही बहुतेकदा एकत्रच असतात.

ल्यूई बॉडी डिमेन्शिया ओळखणं जिवाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. स्पष्ट, तपशीलवार माणसं, मुलं, प्राणी दिसणं, एका दिवसात सावधपणात मोठे चढउतार, पार्किन्सनसारखा ताठरपणा, आणि कित्येक वर्षं आधीपासून झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय मारणं, ही त्याची लक्षणं. असा माणूस रात्री आरडाओरडा करतो म्हणून हॅलोपेरिडोलचं इंजेक्शन दिलं, तर अंग लाकडासारखं ताठ होणं, शुद्ध हरपणं आणि क्वचित मृत्यू ओढवू शकतो. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइडही त्याला मानवत नाही. असं निदान असेल तर ‘हॅलोपेरिडोल देऊ नये’ हे ठळक लिहिलेला कागद रुग्णाच्या पाकिटात आणि फाइलच्या पहिल्या पानावर ठेवा. रात्री तीन वाजता अपघात विभागात समजावून सांगण्याइतका वेळ कोणाकडेच नसतो.

चौथा प्रकार फ्रंटोटेम्पोरल, बहुधा ४५ ते ६५ या वयात. स्मृती शाबूत, पण माणूस बदलतो. संकोच जातो, माया आटते, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करतो, खाण्यावर ताबा राहत नाही, किंवा शब्द हरवत जातात. घरात भांडणं होतात, नोकरी जाते, आणि आजार आहे हे शेवटी कळतं. या प्रकारात डोनेपेझिलचा उपयोग नाही, उलट चिडचिड वाढू शकते.

औषधं काय करतात

डोनेपेझिल रात्री ५ मिलिग्रॅमने सुरू करतात, चार ते सहा आठवड्यांनी १० करतात. मळमळ, जुलाब, भूक जाणं हे सुरुवातीचे त्रास. भीतिदायक स्वप्नं पडू लागली तर डॉक्टरांना विचारून सकाळी द्यावं. सुरू करण्याआधी नाडी आणि ईसीजी बघावा, कारण ठोके मंदावून माणूस चक्कर येऊन पडू शकतो. पोटाला सोसत नसेल तर रिव्हास्टिग्मिनची पट्टी: २४ तासांना ४.६ मिलिग्रॅम, निदान चार आठवड्यांनी ९.५.

पट्टीत होणारी चूक नेहमी तीच. जुनी काढायची राहते आणि नवी लागते. अंगावर दोन-तीन पट्ट्या झाल्या की उलट्या, नाडी मंदावणं आणि थेट रुग्णालय. म्हणून क्रम पक्का करा. आधी जुनी काढून, चिकट बाजू आत घडी घालून टाका. नवी पट्टी कोरड्या, तेल किंवा क्रीम न लावलेल्या त्वचेवर तळव्याने ३० सेकंद दाबून धरा. पाठीवर लावली तर ओढून काढता येत नाही. तीच जागा १४ दिवसांत पुन्हा नको. तीनपेक्षा जास्त दिवस खंड पडला असेल तर पुन्हा सर्वांत कमी मात्रेपासून सुरुवात.

आजार मध्यम टप्प्यावर गेला की मेमॅन्टिन येतं, आठवड्याला ५ मिलिग्रॅम वाढवत दिवसाला २० पर्यंत. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा कमी. या औषधांनी आजार थांबत नाही. काही जणांत काही महिने व्यवहार टिकून राहतात, काहींत काहीच फरक पडत नाही. तीन ते सहा महिन्यांनी ठरवून आढावा घ्या, आणि बंद करायचं ठरलं तर हळूहळू करा.

अमायलॉइड काढून टाकणारी लेकानेमॅब (एफडीएची पूर्ण मान्यता जुलै २०२३) आणि डोनानेमॅब (जुलै २०२४) ही औषधं फक्त सुरुवातीच्या टप्प्यातल्या, अमायलॉइड सिद्ध झालेल्या अल्झायमरसाठी आहेत. लेकानेमॅब सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी शिरेतून देतात. १८ महिन्यांच्या चाचणीत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. १८ गुणांच्या मापनावर हा फरक ०.४५ गुणांचा होता. मेंदूला सूज येण्याचं प्रमाण १२.६ टक्के निघालं. बहुतेकांना त्याचा त्रास जाणवला नाही, पण म्हणूनच सुरुवातीच्या महिन्यांत वारंवार एमआरआय करावा लागतो. एपीओई-४ जनुकाच्या दोन प्रती असणाऱ्यांना आणि रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांना धोका जास्त. फायदा खरा आहे आणि लहान आहे, हे दोन्ही कळल्यावरच निर्णय घ्यावा. गिंको बिलोबाचा प्रश्न मात्र निकाली निघालेला आहे. तीन हजारांवर लोकांवरच्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवसाला २४० मिलिग्रॅम घेऊनही डिमेन्शिया टळला नाही.

संताप, संशय, रात्रीची येरझार

घरच्यांना विसरण्यापेक्षा जास्त खचवतं ते हे. इथे गोळी मागण्याआधी क्रमाने बघा: कुठे दुखतंय का, शौचाला कधी झालं, लघवी तुंबली का, भूक-तहान, कानात मळ, दातदुखी, नवीन औषध, खोलीतला गोंगाट. दुखतंय हे त्याला सांगता येत नाही, तो अंग धुवायला आलेल्याचा हात झिडकारतो. नॉर्वेतल्या वृद्धनिवासांत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसता वेदनेचा पद्धतशीर उपचार केल्यावर, ज्यात बहुतेकांना पॅरासिटामॉलच होतं, अस्वस्थपणा स्पष्ट कमी झाला.

भ्रम आणि आक्रमकपणा आवरणारी अँटिसायकोटिक औषधं (हॅलोपेरिडोल यांतलंच) काही वेळा लागतात, पण इजा होण्याची भीती असेल तेव्हा, कमीत कमी मात्रेत, थोड्या आठवड्यांसाठी. एफडीएने २००५ साली दिलेल्या इशाऱ्यामागे साधारण दहा आठवड्यांच्या चाचण्यांची आकडेवारी होती: औषध घेणाऱ्यांत मृत्यू ४.५ टक्के, न घेणाऱ्यांत २.६. सुरू करतानाच बंद करायची तारीख लिहून घ्या.

अंघोळीवरून होणारा झगडा बहुतेक घरांत असतो. बाथरूम आधी गरम करा, पाणी काढून ठेवा, कपडे घालायच्या क्रमाने रचा. ‘अंघोळ करायची आहे ना?’ असा प्रश्न नको, उत्तर ‘नाही’ येणार. ‘बाबा, चला, पाणी तयार आहे’ एवढंच. खुर्चीवर बसवा, खांद्यांवर टॉवेल राहू द्या म्हणजे उघडं पडल्याची लाज आणि थंडी दोन्ही वाचतात. पायांपासून वर या, डोक्यावर पाणी सर्वांत शेवटी, कारण तोंडावर अचानक आलेल्या पाण्यानेच बहुतेक जण बिथरतात. एका वेळी एकच सूचना, आणि उत्तराला दहा सेकंद थांबा. आजही नाही म्हणाले तर सोडून द्या. ओल्या फडक्याने अंग पुसलं तरी त्वचा चांगली राहते.

‘माझे पैसे चोरले’ या आरोपाला पुरावे देऊ नका. ‘अरेच्चा, चल आपण शोधू’ म्हणा. वस्तू लपवायच्या जागा ठरलेल्या असतात, त्या ध्यानात ठेवा. संध्याकाळी गोंधळ वाढत असेल तर दिवे अंधार पडायच्या आधी लावा, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, सकाळी उन्हात चालवा. खिशात नाव आणि फोन नंबर असलेलं कार्ड, दाराला वरच्या बाजूला कडी, गॅस मागून बंद करायची सोय. गाडी चालवणं थांबवण्याची गोष्ट डॉक्टरांच्या तोंडून जाऊ द्या, म्हणजे राग मुलांवर निघत नाही. आणि मृत्युपत्र, बँक, उपचारांबद्दलची इच्छा हे सगळं निदानानंतर लगेच, अजून त्याला कळतंय तोवर, त्याच्याशी बोलून उरकून घ्या.

टाळता येतं का?

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली १४ कारणं मोजली, ज्यांवर आयुष्यभर काम केलं तर तत्त्वतः सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो. मध्यमवयातलं ऐकू कमी येणं आणि वाढलेलं एलडीएल कोलेस्टेरॉल यांचा वाटा त्यात सर्वांत मोठा, प्रत्येकी ७ टक्के. बाकीची कारणं ओळखीची: कमी शिक्षण, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, स्थूलपणा, दारू, बैठेपणा, नैराश्य, एकटेपणा, डोक्याला मार, प्रदूषित हवा आणि न सुधारलेली नजर. कानाच्या यंत्राबद्दल २०२३ च्या चाचणीचा निकाल नीट वाचायला हवा. एकूण गटात फरक दिसला नाही, पण ज्यांना धोका जास्त होता त्यांच्यात तीन वर्षांत बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. शब्दकोडी सोडवायला हरकत नाही, पण पन्नाशीत रक्तदाब आणि कान तपासणं जास्त कामाचं आहे.

शेवटचा टप्पा

गिळणं बिघडतं तेव्हा जेवताना ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, घास छोटा. आधीचा गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका. घशात घरघर, ओला आवाज किंवा प्रत्येक घोटाला खोकला आला की थांबा. पाणी पातळ असल्यामुळे जास्त ठसकतं, ते घट्ट करून द्यायचं का हे गिळण्याच्या तज्ज्ञाला विचारा. अंथरुणाला खिळलेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदला, टाचा उशीने उचलून ठेवा, आणि माकडहाडावर दाबूनही न जाणारी लाली दिसली तर त्या जागेवर पुन्हा भार येऊ देऊ नका.

पोटात नळी घालायची का, हा प्रश्न इथे येतो. पुढारलेल्या डिमेन्शियात नळीमुळे आयुष्य वाढल्याचं किंवा छातीतला संसर्ग टळल्याचं दिसलेलं नाही. ती उपटू नये म्हणून हात बांधायची पाळी मात्र येते. हाताने, सावकाश, त्याला हवं तेवढंच भरवणं हा पर्याय जेरियाट्रिक्सच्या, म्हणजे वृद्धांच्या वैद्यकाच्या, संस्थाही सुचवतात. दोन घास खाल्ले तर दोन. ओठ ओले ठेवा, तोंड दिवसातून दोन-तीनदा ओल्या कापसाने पुसा, दुखण्यावर औषध चालू ठेवा, आणि हा निर्णय एकाच मुलावर पडू न देता सगळ्यांनी एकत्र बसून, डॉक्टरांसमोर, फाइलमध्ये लिहून घ्या.